कोजागिरीला करपलेली कढई आणि बार कीपर्स फ्रेंड: वापरून बघितल्यावर

आधीच सांगून टाकतो, बार कीपर्स फ्रेंड ही भांडी घासायची पावडर चांगली आहे. पण तुमच्या भांड्याच्या बुडाला कोळशाचा थर बसलाय आणि तुम्हाला वाटतंय की पावडर भुरभुरवली, दोन हात मारले की झालं, तर थांबा. मी तसंच समजून मागवली होती आणि पहिल्या दिवशी डबा फेकून द्यायच्या बेतात होतो. चूक पावडरीची नव्हती, मी तिला भलतंच काम सांगत होतो. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

तर झालं असं की यंदा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध करायचं ठरलं आणि मी छाती पुढे काढून म्हटलं की आमच्याकडून साडेतीन लिटर. आमच्याकडे एवढं दूध मावेल अशी एकच गोष्ट, ती म्हणजे तीन थरांची स्टीलची मोठी कढई, जी बायकोने गेल्या वर्षी स्वतःच्या बोनसमधून घेतली होती. ही कढई म्हणजे घरात जवळजवळ देव्हाऱ्याच्या खालोखाल. तिच्यात तारेची घासणी घालायची नाही, तिच्यावर दुसरं भांडं ठेवायचं नाही, पाहुण्यांच्या हातात द्यायची नाही. तिने जाताना दोनदा सांगितलं, "बुडापासून ढवळत राहा रे, नुसतं वरवर पळी फिरवू नकोस." आणि ती गच्चीवर सतरंज्या घालायला गेली.

मी काय केलं? गॅस मोठा ठेवला कारण आठ वाजून गेले होते, आणि वरवर पळी फिरवली, आणि मध्येच वरून फोन आला की स्पीकरची वायर कुठेय, ती शोधायला माळ्यावर चढलो. उतरलो तेव्हा वास आला. ज्यांच्या घरी दूध लागलंय त्यांना तो वास माहितीय, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. आई म्हणायची लागलं की खरवडू नये, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावं. तेवढं लक्षात होतं म्हणून तीन लिटर तरी वाचलं. जायफळ, वेलची, केशर सगळं दुप्पट टाकलं. तरी वरच्या मजल्यावरच्या काकांनी पहिला घोट घेऊन विचारलंच, "यात काही स्मोक फ्लेवर वगैरे टाकलाय का?" मी हो म्हणालो. काय करणार.

लहानपणी दूध आटवलं की बुडाशी जी खरवड राहायची त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो, चमच्याने खरवडून त्यावर साखर घालून खायचो. कढईत बघितलं तेव्हा एक क्षण वाटलं तशीच असेल. कसली खरवड, डांबर होतं. मधोमध ताटलीएवढा काळा गोल, त्याच्या भोवती तपकिरी कडं, आणि कडेने वर आटलेल्या दुधाची पिवळी रेघ. त्यात मी घाबरून तापलेल्या कढईत एकदम नळाचं गार पाणी ओतलं, तेही करायचं नसतं हे नंतर कळलं. असं गार पाणी पडलं की बूड वाकडं होऊ शकतं आणि मग इंडक्शनवर भांडं डुगडुगतं. नशिबाने वाकलं नाही. आधी जरा निवू द्यायचं आणि मग कोमट पाणी.

रात्रभर भांड्यांचं लिक्विड आणि पाणी घालून ठेवली. सकाळी मावशी आल्या, झाकण उघडलं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, हे माझ्याच्याने नाय व्हायचं. आणि मी घासली तर वहिनी मला बोलतील." बरोबर होतं त्यांचं. म्हणजे मीच.

पहिला पराक्रम म्हणजे हिरवी घासणी. बायको आंघोळीला गेलेली, मी जोर लावून घासलं. पाच मिनिटांनी काळा गोल होता तसाच, पण त्याच्या शेजारी जिथे आरशासारखं स्टील होतं तिथे बारीक बारीक गोल ओरखडे. ही हिरवी घासणी म्हणजे नुसता नायलॉन नसतो, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण चिकटवलेले असतात, तेच जे पॉलिश पेपरवर पण असतात, आणि ते स्टीलपेक्षा कितीतरी कडक. म्हणजे मी बायकोच्या कढईला पॉलिश पेपर मारत होतो. ओरखड्यांनी स्वयंपाकाला काही होत नाही, पण दिसतात. अजून दिसतात. लाईटखाली धरली की जास्तच.

दुसरा पराक्रम रीलमधला. तुम्ही पण बघितला असेल, खायचा सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फसफस फेस येतो, मागे गाणं वाजतं आणि पुढच्या शॉटमध्ये भांडं लख्ख. मी केलं. फेस मस्त आला. पोरीने टाळ्या वाजवल्या. फेस बसला, खाली कोळसा होता तसाच. आणि हे नंतर वाचून डोक्यात प्रकाश पडला की सोडा हा अल्कली आणि व्हिनेगर हे आम्ल, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं काय तर थोडं मीठासारखं क्षार असलेलं पाणी आणि हवेत उडालेला कार्बन डायऑक्साईड. दोन्ही कामाच्या वस्तू, पण एकत्र टाकल्या की दोन्ही वाया. वेगवेगळ्या वेळी वापरा ना, कोण नको म्हणतंय. वर त्या गडबडीत व्हिनेगर ओट्यावर सांडलं. आमचा ओटा कडप्प्याचा, जुन्या पद्धतीचा. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, आम्लाने खातो. पुसेपर्यंत हाताच्या पंजाएवढा भाग फिका, निस्तेज पडला तो पडलाच. सध्या त्यावर मिक्सर ठेवलाय.

तिसरा पराक्रम, एक स्प्रे. नाव घेत नाही. करपलेलं, जळकं, तेलकट सगळं तीस सेकंदात, असं बाटलीवर लिहिलेलं. तीस सेकंद झाले, तीस मिनिटं झाली, लिंबाचा वास छान सुटला घरभर. ओव्हनच्या काचेवरचे तेलाचे डाग मात्र त्याने निघाले हे कबूल करतो.

मग मागवला हा डबा. बार कीपर्स फ्रेंड, अमेरिकेतला माल. नावावरून वाटतं दारूच्या दुकानातली काहीतरी भानगड, आणि तसं थोडं आहेच. १८८२ साली इंडियानापोलिस शहरात जॉर्ज विल्यम हॉफमन नावाच्या केमिस्टने ही पावडर काढली. गोष्ट अशी सांगतात की त्याने रुबार्ब नावाची भाजी शिजवली आणि भांडं बघतो तर आतून चकाचक झालेलं. रुबार्बमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड असतं, त्याचं हे काम. मग त्याने पावडर करून तिथल्या बारवाल्यांना विकली, पितळी दांडे वगैरे घासायला, म्हणून हे नाव.

आपल्याकडे रुबार्ब नाही, पण त्याचाच चुलतभाऊ आहे, आंबट चुका. अळूच्या फदफद्यात घालतो तो. एकाच कुळातल्या भाज्या आणि दोघांच्या आंबटपणात ऑक्झॅलिक ॲसिडचा हात. आई सांगते की पूर्वी ॲल्युमिनियमच्या काळ्या पडलेल्या पातेल्यात चुका किंवा टोमॅटोचं सार उकळलं की पातेलं आतून पांढरं स्वच्छ निघायचं. (तो काळेपणा सारात उतरायचा आणि आम्ही तो ओरपायचो, ते सोडा.) म्हणजे १८८२ चा तो अमेरिकन शोध रत्नागिरीच्या कुठल्याही आजीला सांगितला असता तर ती म्हणाली असती, मग त्यात काय एवढं.

असो. डबा आला, मी लगेच बाह्या सरसावल्या. ओली कढई, पावडर भुरभुरवली, पेस्ट केली, ओल्या मऊ स्पंजने फिरवायला सुरुवात केली. सुरुवात बाहेरून केली सहज, जिथे गॅसच्या ज्योतीने पिवळट तपकिरी पट्टे पडले होते वर्षभराचे, आणि खोटं नाही सांगत, मिनिटभरात ते पट्टे निघाले. घासलं असं नाहीच, नुसतं फिरवलं. हँडलच्या रिव्हेटभोवती जो चिवट तेलाचा राप बसतो ना, जो कितीही घासला तरी हसत बसतो, तो पण बराच निघाला. मी जाम खूश. आता आत.

आत काही नाही. म्हणजे पिवळी रेघ फिकी झाली, तपकिरी कडं थोडं आत सरकलं, पण मधला काळा गोल ढिम्म. परत पावडर, परत गोल गोल. ढिम्म. तेव्हाच डबा फेकायची वेळ आलेली.

रात्री आईला फोन केला दुसऱ्याच कामासाठी आणि बोलता बोलता सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, हसून झालं, आणि म्हणाली, "अरे मेल्या, धुण्याचा सोडा घाल नि उकळ. जळलेलं घासून जात नाही, भिजून जातं." बस. एवढंच.

धुण्याचा सोडा, खायचा नाही, हे नीट वाचा. वाण्याकडे मिळतो, पूर्वी कपडे भिजवायला वापरायचे तो, आमच्या इथल्या वाण्याला पण आत जाऊन शोधावा लागला. खायचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा त्यापेक्षा बराच जहाल. तुमच्याकडे खायचाच असेल तरी काम होतं, फक्त जास्त घालायचा आणि जास्त वेळ उकळायचा, कारण गरम पाण्यात खायच्या सोड्यातला कार्बन डायऑक्साईड हळूहळू उडून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचाच सोडा. मला हे कळलं तेव्हा शाळेत केमिस्ट्रीचा तास चालू असताना मी खिडकीबाहेर का बघत होतो याचं वाईट वाटलं.

कृती अशी. कढईत दोन लिटरभर पाणी, म्हणजे करपलेला भाग पूर्ण बुडेल एवढं, काठोकाठ नाही. काठोकाठ का नाही, तर तीन थरांच्या भांड्याला आत बाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियम असतं, आणि बऱ्याच भांड्यांना काठावर तो मधला थर उघडा असतो, पांढरट रेघ दिसते बघा. सोडा ॲल्युमिनियमला खातो. काठ रोज रोज सोड्यात बुडवलात तर मधला थर आत खात जातो आणि स्टीलची धार बाहेर राहते, बोट कापेल अशी. तर काठ कोरडा ठेवायचा. दोन मोठे चमचे सोडा, पाणी गार असतानाच घालायचा, उकळत्यात टाकला तर उतू येतो. मंद आचेवर वीसेक मिनिटं. एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी. आणि तिथेच उभं राहायचं, वायर शोधायला जायचं नाही.

दहा मिनिटांत पाणी चहासारखं झालं. पंधराला कॉफीसारखं. मग काळ्या गोलाच्या कडा उचलल्यासारख्या दिसायला लागल्या. गॅस बंद, झाकण, रात्रभर तसंच. सकाळी लाकडी उलथन्याने नुसतं ढकललं तर पापडासारखा अख्खा तुकडा सुटून आला, पोरीच्या तळहाताएवढा. मी तो बशीत काढून ठेवला होता दाखवायला, बायकोने बघितलं पण नाही. उरलेल्यासाठी तेच सगळं आणखी एकदा. दोन वेळा उकळून काळं सगळं गेलं. घासणी एकदाही लावली नाही.

यात गंमत काय आहे तर पूर्ण जळून कोळसा झालेली गोष्ट सोड्यात पण विरघळत नाही, आम्लात पण नाही, कशातच नाही. पण कोळसा आणि स्टील यांच्या मध्ये अजून अर्धवट जळलेलं दूध असतं, प्रथिनं, साखर, स्निग्ध, आणि कोळशाला धरून ठेवलंय ते त्याने. गरम सोड्याचं पाणी फटीतून आत शिरतं आणि ते मधलं सोडवतं. मग वरचा कोळसा आपोआप निराधार होतो. म्हणून घासून उपयोग नाही, तुम्ही वरून कोळशाशी मारामारी करता आणि चिकटपणा बसलाय खाली. ऑक्झॅलिक ॲसिड तर या कामाचंच नाही. ते गंज, क्षार, धातूवरचा रंग बदललेला पातळ थर, असल्या गोष्टींवर चालतं, आणि पावडरीत जी बारीक खनिज भुकटी असते ती हलका राप उचलते. अन्नाचा जाड थर आला की तिचा हात टेकतो.

दूधच एवढं का लागतं हे पण त्यात कळलं. दुधातली काही प्रथिनं सत्तर डिग्रीच्या वर गेली की आकार बदलतात, एकमेकांना धरतात आणि तळाला जाऊन बसतात. तिथे ती तापतात, साखरेबरोबर तांबूस होतात, त्यावर आणखी बसतात. जेवढं घट्ट आटवाल तेवढं जास्त. म्हणून जुन्या बायका दूध ओतायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवायच्या, आणि आटवताना आत छोटी बशी उपडी टाकायच्या, ती खडखड करत तळ हलता ठेवायची. बायकोची बुडापासून ढवळ म्हणजे हेच.

आता कढईत काळं नव्हतं पण जिथे काळं होतं तिथे तपकिरी सावली होती, ढगासारखी, आणि एका बाजूला निळा जांभळा इंद्रधनुषी रंग, मोराच्या पिसासारखा. ही आली पावडरीची वेळ. भांडं ओलं, चमचाभर पावडर, दोन थेंब पाणी, टूथपेस्टएवढी घट्ट पेस्ट, मऊ स्पंजने हलक्या हाताने, आणि मिनिटाच्या आत धुवून टाकायचं. डब्यावरच लिहिलंय एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. पहिल्या फेरीत सावली निम्मी. दुसऱ्या फेरीत गेली. इंद्रधनुष्य तर पहिल्याच फेरीत गेलं. मी बायकोला हाक मारून बोलावलं. ती आली, कढई हातात घेऊन तिरकी केली, ओरखडे बघितले, आणि "हे काय?" म्हणाली.

तर माझं मत असं आहे की ही पावडर शेवटच्या दहा टक्क्यांची आहे, आणि त्या दहा टक्क्यांत तिला तोड नाही. आधीचे नव्वद टक्के सोडा, गरम पाणी आणि रात्र. उलटा क्रम केलात तर पैसे, पावडर आणि मनगट तिन्ही वाया. क्रम बरोबर ठेवलात तर डबा वर्षभर पुरेल कारण एका वेळी लागते चमचाभरच.

एक मात्र, नुसत्या इंद्रधनुषी डागासाठी किंवा पाण्याच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी ही मागवू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, भांडी पांढरी ठिपकेदार होतात, त्याला चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, किंवा पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व पुरतं. स्वस्त आणि मस्त. फक्त कडप्प्यापासून लांब.

किंमतीचं बोलायचं तर बाहेरून येणारा माल, आपल्या घासायच्या पावडरीच्या कितीतरी पट पडतो. ३४० ग्रॅमचा डबा आहे. एकच स्टीलचं भांडं असेल आणि तेही रोज भात लावायचं, तर मी म्हणेन नको. चांगली दोन-तीन स्टीलची भांडी असतील, स्टीलचं सिंक असेल, तर घ्या. सिंकला तर काय चकाकी येते, पोरीने वाकून तोंड बघितलं त्यात. आणि कुणी शहाणा सांगेल की हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ऑक्झॅलिक ॲसिड किलोवर मिळतं, तेच आणा, तर अजिबात आणू नका. ते शुद्ध, जहाल, पोटात गेलं तर विष. डब्यातली पावडर सुद्धा हातमोजे घालूनच वापरायची, माझ्या बोटाला कापलेलं होतं तिथे चुरचुरलं तेव्हा मोजे आठवले. श्वासात जाऊ द्यायची नाही, भुरभुरवताना तोंड लांब. आणि ब्लीच किंवा टॉयलेट साफ करायच्या कुठल्याही लिक्विडबरोबर कधी म्हणजे कधी मिसळायची नाही, विषारी वायू होऊ शकतो. नंतर भांडं भरपूर पाण्याने, मग साबणाने, मग परत पाण्याने. मी पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी उकळून टाकलं आणि मगच भाजी केली, मनाचं समाधान.

कुठल्या भांड्याला काय हे पण सांगतो कारण आमच्या शेजारच्या काकूंनी सगळ्याला एकच औषध लावायचा बेत केला होता. स्टीलला वरचं सगळं चालतं. साध्या ॲल्युमिनियमच्या टोपाला सोडा नको, काळा पडतो, त्याला चिंचेचं किंवा आमसुलाचं पाणी उकळा. काळं हार्ड ॲनोडाइज्ड (म्हणजे ॲल्युमिनियमच, वर कडक थर चढवलेलं) असेल तर सोडा पण नको आणि ही पावडर पण नको, नुसतं गरम पाणी, साबण आणि धीर. नॉनस्टिकला काहीही घासायचंच नाही, आणि त्याला एवढं जळलं असेल तर ते भांडंच बाद समजा, कारण साधारण २६० डिग्रीच्या वर तो थर खराब व्हायला लागतो. बिडाच्या तव्याला आंबट लावलंत तर त्याचा तेलाचा मुरलेला थर जाईल, त्याला गरम पाणी, जाडं मीठ, पुसून कोरडा आणि तेलाचा हात. कल्हईच्या पितळी पातेल्याला सगळ्यात जपायचं. कल्हई म्हणजे कथील, मऊ धातू, २३२ डिग्रीला वितळतो. कोरडं पातेलं गॅसवर विसरलात तर कल्हई वितळून गोळे होतात, आणि तारेने घासलंत तर घासणीबरोबर निघून जाते. त्यात लागलं तर कोमट पाण्यात भिजत घालायचं दोन दिवस, आणि तरी नाही निघालं तर परत कल्हई लावून आणायची. पुण्यात तांबट आळी आहे, आमच्या डोंबिवलीत कल्हईवाला वर्षातून कधीतरी ओरडत जातो आणि नेमका तेव्हा मी ऑफिसात असतो.

तांब्यापितळेला बाहेरून चमकवायचं असेल तर त्यासाठी ही अमेरिकन पावडर मागवायची काही गरज नाही. चिंच आणि मीठ आहे, आपल्या ठाण्याची पितांबरी आहे, दोन्ही काम करतात. आईच्या समया आजही चिंचेनेच घासल्या जातात, आणि राखेने. राख पण बघा, लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे सोड्याचाच भाऊ, आणि वर नारळाच्या शेंडीचा काथ्या. अल्कली आणि घासणी दोन्ही मोरीतच. गावाला आजीची भांडी अशीच निघायची, आणि आजी कधी म्हणाली नाही की पीएच किती आहे.

पाच पैकी किती द्यायचे? पावडरीला चार. सोड्याला पाच, एवढीशी पुडी आणि काय काम. हिरव्या घासणीला शून्य, आणि ते पण मी तिला चुकीच्या जागी वापरली म्हणून, खरकट्या कुकरला ती चांगलीच आहे. रीलवाल्याला मी काही देत नाही.

कढई परत जाग्यावर गेलीय. मावशींनी बघितली, उलटी करून खालून पण बघितली आणि "दादा तुम्हीच घासत जा आता" म्हणाल्या. बायको ओरखड्यांबद्दल आठवड्यातून एकदाच बोलते. पुढच्या कोजागिरीला दूध आमच्याकडून नाही, आमच्याकडून पत्रावळ्या, असं परस्पर ठरलंय. शेजारच्या काकू परवा थोडी पावडर मागायला आल्या वाटी घेऊन. वाटीत दिली तर कुणीतरी पिठीसाखर समजून खाईल म्हणून मी अख्खा डबाच दिला, वरचं लेबल वाचा म्हणून सांगून. डबा अजून परत आलेला नाही.